तारबाबूंची सोडलेली रांग

आमच्या तारबाबूंच्या चष्म्याची काच इतकी जाड होती, की ते भर उन्हात कापसाच्या गंजीपुढे उभे राहिले म्हणजे दोन हमाल पाण्याच्या बादल्या घेऊन मागे उभे करावे लागत. एकदा तर गंजी खरंच धुमसली. ही गोष्ट मी पांढरकवड्यापासून उमरखेडपर्यंत इतक्या जणांना सांगितली आहे, की पुढे पुढे तो धूर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली माणसं मला भेटू लागली. मी मान डोलवायचो. कोणाच्या श्रद्धेत आपण कशाला पाय घालायचा?

तारबाबू हे त्यांचं खरं नाव नव्हे. उमर तार-ऑफिसात गेली म्हणून लोक तसं म्हणत. वीस-बावीस वर्षं ते त्या पितळी दांडीवर कट्ट-कडकट्ट करत बसले. म्हणायचे, "अर्धा जिल्हा मी रडवला राजा, पन माहा आवाज कोनाले ठाव नाई." तारा बंद पडत चालल्या तशी त्यांनी नोकरी सोडली, आणि ज्या वयात लोक कवळी बसवायला नागपूरला जातात त्या वयात हे नागपूरला जाऊन कॉम्प्युटर शिकून आले. मग आमच्या कापूस खरेदी केंद्रावर कंत्राटी ऑपरेटर म्हणून लागले. मी तिथे आधीपासून हंगामी कारकून होतो. वय बत्तीस, दोन लेकरं, आणि कायम होण्याचा कागद सहा वर्षं साहेबांच्या टेबलाच्या काचेखाली. बाहेरून दिसायचा, हाती यायचा नाही.

केंद्र म्हणजे पांढरकवड्याबाहेर एक मैदान, एक वजनकाटा, आणि पत्र्याच्या छपराची कचेरी. कचेरीच्या एका खोलीत कॉम्प्युटर. खरं सांगायचं तर तो नुसता पडदा आणि कळफलक. खरं यंत्र सत्तर किलोमीटरवर, यवतमाळच्या एका बंद खोलीत, बॅटऱ्यांच्या पहाऱ्यात बसलेलं. आमचा पडदा टेलिफोनच्या तारेवरून त्याच्याशी बोलायचा. बोलायचा म्हणजे, वीज असली तर. त्या वर्षांत आमच्याकडे भारनियमन दिवसातून सव्वीस तास असायचं.

नंबर देण्याचा प्रोग्राम कुठल्याशा कंपनीनं करून दिलेला. कापसाची बैलबंडी फाटकातून आत आली की तिला नंबर मिळायचा. नंबर लागला की ग्रेडर कापूस पाहायचा, मग काट्यावर वजन. सगळ्या बंड्या मोजून झाल्या की 'दिवस बंद' म्हणून एक कळ होती, ती दाबली तरच सगळं पक्कं लिहिलं जायचं. त्याआधी प्रोग्राम मेला तर एकही नंबर शिल्लक राहायचा नाही. तो बनवणाऱ्याची समजूत अशी, की आज आलेल्या बंड्या आजच मोजून होतात. त्यानं जन्मात कापूस पाहिला असेल तो उशीतला.

इकडे परिस्थिती अशी, की त्या वर्षांत कापूस घरात ठेवला तर उंदीर खायचे आणि बाहेर काढला तर व्यापारी. त्यामुळे सगळा तालुका आमच्या फाटकाशी लोटलेला. वीज गेली की फोन तुटायचा, फोन तुटला की प्रोग्राम मरायचा, आणि प्रोग्राम मेला की रांग मरायची. परत पहिल्यापासून नंबर. म्हणून लोक बंडीला चिकटून उभे राहायचे. लघवीलासुद्धा जायचे नाहीत. एक जण हिंमत करून गेला, तर परत येईपर्यंत त्याच्या जागेवर दुसऱ्या गावच्या दोघांची सोयरीक ठरून साखरपुडा झालेला.

तारबाबू आल्यावर तिसऱ्या दिवशी यवतमाळच्या यंत्रावर त्यांनी एक प्रोग्राम बसवला. त्याचं नाव स्क्रीन. आमचा नंबरांचा प्रोग्राम आता त्याच्या पोटात चालणार होता.

"ही काय भानगड आहे, तारबाबू?" मी विचारलं.

"तू बंडी जुंपली. बैलाईले रस्ता ठाव हाय. तू मांगून उतरून चहा प्याले गेला, तर बैल उभे राह्यते का?"

"नाई राह्यत."

"चालतच राह्यते. मंग तू धावत येतं, पुन्हा चढून बसतं, आन् बंडी कुठलोक आली ते पाह्यतं. येवढंच हाय हे. बैल तिकडं यवतमाळले. आपुन इकडं फक्त चढाचं आन् उतराचं."

उतरायचं कसं, तर कंट्रोल दाबून ए, मग डी. पडदा कोरा. आत रांग चालू. आणि उतरायला वेळच मिळाला नाही, वीज अचानक गेली, तरी तुटायचा तो आमचा पडदा. रांगेला पत्ता लागायचा नाही. वीज आली, फोन जुळला, की स्क्रीन, डॅश, आर. रांग हजर. त्र्याहत्तरावर सोडली तर त्र्याहत्तरावर. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा एका हमालानं पडद्याला हात जोडले. (मी सांगताना चौघांनी लोटांगण घातलं असं सांगतो.)

त्यानंतर आमच्या केंद्रावर काळाला काही धरबंध उरला नाही. बंड्या संपेनात, म्हणून 'दिवस बंद'ची कळ दाबता येईना, म्हणून एक सोमवार पंधरा दिवस चालला. त्या एका सोमवारात दोन रविवार येऊन गेले. फाटकाबाहेर कोणाच्या बैलाचं शिंग मोडलं, कोणाच्या लेकीचं लग्न ठरून मोडलं, यंत्रात सोमवारच.

तारबाबूंचा मुळातला स्वभावच तसा होता, की त्या प्रोग्राममुळे तसा झाला, हे काही मला सांगता येणार नाही. बोलता बोलता माणूस मध्येच उठून जायचा. वाक्य तसंच उघडं. चार दिवसांनी तुम्ही फाटकाशी बिडी ओढत उभे असलात, की मागून आवाज यायचा, "...पन त्यात मीठ कमी पडते." आता सोमवारी आपण लिंबाच्या लोणच्यावर बोलत होतो हे तुमच्या ध्यानात असलं तर बरं, नसलं तर ते तुमच्याकडे असं पाहायचे, की जणू तुम्हीच रस्ता चुकलात. भाऊ बोरी अरब गावी राहायचा. त्याला पत्र लिहिण्यासाठी त्यांनी यंत्रात रांगेसारखंच एक वेगळं सत्र उघडून ठेवलं होतं. दोन वर्षांत ते 'प्रिय'च्या पुढे सरकलं नाही. पण बंद म्हणून केलं नाही. "चालू हाय," म्हणायचे, "भांडन मिटलं का पुढचं लिहीन."

त्यांच्या लग्नाची गोष्ट तर मी जिल्हाभर गाजवली. मंगलाष्टकाच्या चौथ्या कडव्याला अंतरपाटाआडून उठले, तार-ऑफिसात जाऊन तीन तारा ठोकल्या, आणि परत येऊन पाचव्या कडव्याला उभे राहिले. नवरी तोवर माळ धरून तशीच. यातलं खरं एवढंच, की त्यांचं लग्न झालं होतं. बाकीचं मी एका दुपारी चहाच्या टपरीवर रचलं, आणि टपरीवाल्यानं मला दुसरा चहा फुकट दिला. तेव्हापासून मी रचतच गेलो. साहेब जेवणानंतर मुद्दाम बोलवायचे, "या, तारबाबूंचं नवीन काय?" आणि मी नवीन द्यायचो. साहेबांचं पोट हलायला लागलं, की टेबलाच्या काचेखालचा तो कागदही मला थोडा हलल्यासारखा दिसायचा.

एक नियम मात्र तारबाबूंनी दगडासारखा पाळला. जे जे सत्र सोडलेलं असेल ते खोलीबाहेरच्या पाटीवर खडूनं लिहायचं. रोज सकाळी पाटीवर असायचं: 'रांग. सोडलेली आहे, जिती आहे. हात लावू नये.' खाली भावाचं पत्र. कचेरीत लोक या पाटीला हसायचे. मी सगळ्यात मोठ्यानं.

पण मैदानातल्या माणसांना ती पाटी कळायची. तारबाबूंनी त्यांना हिंडून हिंडून समजावलं होतं. बंडीजवळ उभं राहायची गरज नाही. बंडी मैदानात कुठेही लावा, बैल सोडा, चिठ्ठी कमरेला खोचा आणि घरी जा. नंबर आत चालूच राहील. आपल्या पाळीला या. पहिले आठ दिवस कोणी ऐकलं नाही. मग दोघे-चौघे गेले, परत आले, आणि त्यांचा नंबर जिथल्या तिथे निघाला. त्यानंतर लोक जाऊ लागले. कोणी तुरीला पाणी द्यायला, कोणी दवाखान्यात, कोणी नुसतं घरी झोपायला. दुपारी मैदानात बंड्या असायच्या आणि माणूस नाही, जिकडे तिकडे नुसता पांढरा कापूस. असं दृश्य मी आयुष्यात पुन्हा पाहिलं नाही, आणि या वाक्यात एक अक्षर वाढवलेलं नाही.

केळापूरकडची एक म्हातारी होती, स्वतः बंडी हाकत आलेली. ती जायला तयार होईना. रोज खिडकीशी यायची.

"बाबू, माहा नंबर जित्ता हाय ना?"

"हाव माय. जित्ता हाय. एकशे बारा."

"मी गेली तर मरन नाई ना?"

"मी हावो ना इथं. तू जाय. लेक बाळंत होऊन राह्यली म्हन्ते ना तुही? जाय तिच्यापाशी."

पाचव्या दिवशी ती गेली. जाताना चिठ्ठी पदराच्या गाठीत बांधली, आणि त्या गाठीला अजून एक गाठ मारली.

त्याच आठवड्यात तारबाबूंनी मला दार लावून आत घेतलं. "मी पडलो-झडलो तर रांग कोन जोडीन? तू जोडजो." आणि त्यांच्या नावानं यंत्रात शिरायचा परवलीचा शब्द एका चिठ्ठीवर लिहून दिला. तो पाठ केल्यावर चिठ्ठी मला चावून गिळायला लावली, असं मी सांगत असे. खरं म्हणजे त्यांनी ती फाडली आणि हात माझ्या खांद्यावर ठेवला. म्हणाले, "इथं बाकी सारे हासते. तू बी हासतं, पन तुले समजते."

मला समजत होतं. हीच तर पंचाईत.

पुढच्या सोमवारी फाटकाबाहेर अकरा ट्रक येऊन लागले. एका मोठ्या व्यापाऱ्याचे. ट्रकांना नंबर मिळाला तो दोनशे सातच्या पुढचा, कारण यंत्र कोणाची गाडी आहे ते विचारत नव्हतं. व्यापारी साहेबांच्या खोलीत बसून गेला. मंगळवारी तारबाबू यवतमाळला गेले. तिथली एक बॅटरी फुगली होती. ती बदलताना यंत्र क्षणभरही पडू नये म्हणून स्वतः जवळ उभं राहायला गेले होते. बरोबर डबा, पंचा आणि पेचकस.

दुपारी दोनला साहेबांनी मला बोलावलं. या खेपेला 'नवीन काय' विचारलं नाही.

"तो तुमचा सोमवार किती दिवस चालायचा?"

"बंड्या संपेपर्यंत, साहेब."

"म्हणजे नवीन दिवस उघडला तर नंबर एकपासून सुरू होतील?"

"हो साहेब. पण आधीचा बंद केल्याशिवाय..."

"मी काही सांगत नाही आहे. तांत्रिक बाबी मला कळत नाहीत." ते टेबलाच्या काचेवर बोट वाजवत होते. काचेखाली बरोबर माझा कागद. "तारबाबू यवतमाळला त्या यंत्राशीच खटपट करत आहेत ना? अशा खटपटीत काहीही होऊ शकतं. जा तुम्ही."

मी खोलीत आलो. पाटीवरून गेलो, वाचली. वीज होती. फोन पहिल्या झटक्यात जुळला. एरवी सात वेळा लावावा लागायचा. तारबाबूंच्या नावानं आत शिरलो. स्क्रीन, डॅश, आर. यादीतून रांग निवडली, ती समोर आली. दोनशे सात बंड्या आणि त्यांच्या मागे अकरा ट्रक. बाहेर पडायची कळ दाबली. प्रोग्रामनं विचारलं, दिवस बंद न करता बाहेर पडायचं? नोंदी राहणार नाहीत. हो की नाही. मी हो दाबलं. अडीच वाजले होते. इथे मला काही वाढवता येत नाही. एका कळीचं काम होतं.

दुसऱ्या दिवशी तारबाबू पहिल्या गाडीनं आले. स्वारी खुशीत. "पापनी लवाले येवढा वेळ बी पडू नाई देलं यंत्र," म्हणाले, आणि पंच्यानं तोंड पुसत खुर्चीत बसले. स्क्रीन, डॅश, आर. निवडायची यादी आलीच नाही, थेट भावाचं पत्र उघडलं. त्यांनी ते सोडलं आणि यादी मागवली. यादीत पत्र तेवढं होतं. त्यांनी पुन्हा यादी मागवली. मग फोन तोडून पुन्हा जोडला, तारेचा दोष असल्यासारखा, आणि पुन्हा मागवली. किती वेळा ते मी मोजलं नाही. मागे स्टुलावर बसून मी पावत्या लावत होतो, आणि त्या लावून झालेल्या होत्या.

मग त्यांनी कोण कधी आत आलं त्याची नोंद काढली आणि वाचत राहिले.

तोवर साहेब दारात. मागे ग्रेडर, काट्यावरचे दोघे, चार हमाल. खिडकीशी बंडीवाले जमलेले.

"काय हो, काय करून आलात यवतमाळला?" साहेब म्हणाले. "रांग गेली म्हणतात."

"यंत्र नाई पडलं, साहेब. ते चालूच हाय. काल दुपारी अडीच वाजता कोनं तरी जोडलं आन् बंद केलं. माह्या नावानं. इथून, ह्या खोलीतल्या फोनवरून."

"तुमच्या नावानं, आणि तुम्ही नव्हे?"

"माहं नाव आनखीन एका जनापाशी हाय." ते माझ्याकडे वळले. आवाज चढवला नाही. "यानं केलं."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. ग्रेडर, हमाल, खिडकीतले चेहरे. मला वाटतं एक शब्द कमीजास्त बोललो असतो तर त्या दिवशी सगळं बाहेर पडलं असतं. तोंड उघडलं आणि सवयीनं जे यायचं ते आलं.

"साहेब," मी म्हणालो, "बॅटरी बदलता बदलता तारबाबूंनी चष्म्यातून यंत्राकडं पाह्यलं असंल. गंजी पेटते तिथं रांगेचं काय घेऊन बसले!"

हमाल हसले. ग्रेडरनं तोंडावर हात घेतला. खिडकीतले दोन बंडीवालेही हसले. त्यांनाही गंजीची गोष्ट माहीत होती.

"तू सांग," तारबाबू म्हणाले. "येकदा सांग. हासू नोको."

"चौथ्या कडव्याले उठून गेलते तसेच काल बी उठून गेले असान," मी म्हणालो. "पाचव्याले यायचं राह्यलं!"

मग तर पत्रे वाजले. साहेब डोळे पुसत म्हणाले, "जाऊ द्या हो, तारबाबू. वय झालं." ज्या माणसानं लग्नातून उठून तारा ठोकल्या, ज्याच्या नजरेनं कापूस पेटतो, त्याचं म्हणणं कोण धरणार होतं? दोन वर्षं मी त्यांचं जे काही जिल्हाभर केलं होतं, ते त्या पाच मिनिटांत उपयोगी पडलं. मी तसं ठरवून केलं नव्हतं, असं म्हणायचा मला हक्क आहे की नाही, कोण जाणे.

खिडकीतून एक जण म्हणाला, "पन साहेब, आमच्यापाशी चिठ्ठ्या हायत ना?"

"संगणकात नंबर नाही म्हणजे चिठ्ठी म्हणजे नुसता कागद," साहेब म्हणाले. "आता नवीन दिवस उघडायचा. जे हजर आहेत त्यांनी रांगेत लागावं."

हजर सगळ्यात पुढे अकरा ट्रक होते.

तारबाबूंचं कंत्राट शनिवारी संपत होतं, ते पुढे वाढवलं नाही. कागदावर 'निष्काळजीपणा' असं आलं. पण बुधवार ते शनिवार ते खोलीत बसले नाहीत. फाटकाशी उभे राहिले. घरी गेलेली माणसं एकेक करून परत येत होती आणि तारबाबू प्रत्येकाला स्वतः सांगत होते, की नंबर गेला, मागे लागा. कोणी त्यांना सांगायला सांगितलं नव्हतं. शिव्या खात होते. एकानं गचांडी धरली. एकानं चिठ्ठी त्यांच्या तोंडावर फेकली, ती त्यांनी उचलून त्याला परत दिली. हे मी टपरीवर कधी सांगितलं नाही, कारण यात हसण्यासारखं काही करता आलं नाही.

केळापूरची म्हातारी शुक्रवारी आली. खुशीत होती, नातू झाला होता. एक गाठ सोडली, मग दुसरी सोडली, आणि चिठ्ठी पुढे केली.

"जित्ता हाय ना, बाबू?"

"नाई, माय."

ती त्यांच्याकडे पाहत राहिली. चिठ्ठीकडे पाहिलं, मैदानातल्या आपल्या बंडीकडे पाहिलं. कापसावर इतक्या दिवसांचं दव बसून वरचा थर पिवळा पडला होता.

"मंग मी गेली कायले?" ती म्हणाली.

तारबाबूंनी हात जोडले. मी खिडकीत होतो. तिला पहिल्या नंबरात घ्या म्हणून ते साहेबांकडे आले, आणि साहेबांनी मला विचारलं, घेता येईल का? मी म्हणालो, यंत्र घेत नाही.

पाडव्याला मी कायम झालो. तारबाबूंची खुर्ची, तोच पडदा. पाटी मीच पुसली. पुढच्या हंगामापासून लोक परत बंडीला धरून उभे राहायला लागले. यंत्र तेच होतं, स्क्रीन तोच, पण घरी जा म्हटलं तर कोणी जाईना.

मागच्या वर्षी लेकीच्या लग्नाची पत्रिका देवीपुढे ठेवायला केळापूरला गेलो होतो. देवळाच्या पायऱ्यांवर तारबाबूंच्या बायकोनं मला ओळखलं. पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतले, पण घरी चला म्हणाल्या. तारबाबू ओसरीवर बसून तूर निवडत होते. खूप वाळलेले. वर पाहिलं.

"या. बसा," म्हणाले. मग आत पाहून, "पानी द्या हो यायले."

मला त्यांनी कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मी पाणी प्यालो. ते तूर निवडत राहिले. मी पावसाचं काढलं, रस्त्याचं काढलं. "हाव," म्हणाले, "हाव." तेवढंच.

वहिनी फाटकापर्यंत पोचवायला आल्या.

"ते तुमचं कधी नाव काढत नाई," त्या म्हणाल्या. "मीच म्हन्ते. इथं अजून त्याईले रांगबुडवा म्हन्ते लोक. नातू शाळंतून आइकून येते आन् आज्याले इचारते. ते त्याले काईच सांगत नाई. तुमी येक काम करा. येका कागदावर लिहून द्या, का त्या दिवशी यायनं काही केलं नोतं. चारच वयी. तुमचं नाव, त्याईचं नाव, खाली सही. मी कचेरीत नाई नेत. नातवाले वाचून दाखवीन, आन् देवळापाशी चार जनाईले. बस."

"देतो, वहिनी," मी म्हणालो. "या आठवड्यात देतो."

"तुमाले तं लय छान सांगता येते म्हन्ते," त्या म्हणाल्या, आणि फाटक लावून घेतलं.

निवृत्तीला दीड वर्ष राहिलं आहे. साहेब केव्हाच गेले, कचेरीत त्या वर्षांतलं आता कोणी नाही, विचारणारंही नाही. तरी कागद पुढे घेतला की मी आधी एखादी गंमत लिहितो, मग दुसरी. वहिनींनी चार ओळी मागितल्या होत्या, दोन नावं आणि सही. मी हे एवढं लिहून बसलो, आणि यात त्यांचं नाव नाही, माझंही नाही.